खोली भुलाबाईची, सोयाबीनची अन् वर्षाराणीची

गोजराची सून गोठ्यात कोणत्या भाषेत बोलते, हा प्रश्न गल्लीत सगळ्यात आधी मला पडला. त्यांच्या गोठ्याची भिंत अन् माझ्या न्हाणीची भिंत एकच. सकाळी मी चुलीवर पाणी ठेवून बसले की पलीकडून वर्षाराणीचा आवाज यायचा. म्हशीला म्हणायची, "ग्रान्दे." मग सरकून बैलाजवळ जायची अन् त्यालाही म्हणायची, "ग्रान्दे." मग शेणाची पाटी उचलताना स्वतःशीच, "फेलीस, फेलीस."

मला वाटलं, जनावरांची नावं ठेवली असतील. पण बैलाचं अन् म्हशीचं नाव एकच कोण ठेवते? शेवटी एक दिवस भिंतीवरून मान काढून विचारलंच.

"काय वं वर्षा, काय म्हणून राह्यली त्यायले?"

ती हसली. "मोठ्या आई, स्पॅनिश हाये. ग्रान्दे म्हणजे मोठा."

"अन् म्हशीले?"

"म्हशीलेही ग्रान्देच."

"मोठी नाई?"

"तिकडेही पुष्कळ शब्द बदलतात, आपल्यासारखेच. पण काही शब्द असे हायेत, बाई असो का माणूस, जसेच्या तसे राहतात. ग्रान्दे मोठा अन् ग्रान्दे मोठी. फेलीस म्हणजे खूश. नवरा खूश तरी फेलीस, बायको खूश तरी फेलीस."

मी म्हटलं, "बरं हाये बाप्पा. त्यायच्या देशात शब्द तरी सासरी जाऊन बदलत नाईत."

ती इतकी हसली की पाटीतलं शेण सांडलं. आतून गोजरा ओरडली, "म्हशी राह्यल्या उपाशी, अन् तुमचं काय चाललं दोघीचं?" तेव्हापासून वर्षाराणीची अन् माझी गट्टी जमली.

तिचं माहेर जऊळक्याचं, स्टेशनाच्या अंगाला. बापाची जिराईत शेती अन् रस्त्यावर पंक्चरचं दुकान. क्रॉसिंगसाठी गाडी थांबली की ही लहानपणी खिडकीतल्या लोकांना हाक मारायची. ते ज्या भाषेत उत्तर देतील ती घरी येऊन बोलून दाखवायची. कधी तेलगू, कधी राजस्थानी. अर्थ एका शब्दाचा माहीत नाही, पण सूर हुबेहूब. तिची माय सांगते, एकदा पाहुण्यांसमोर ही पोरगी असं काही बोलली की हैदराबादकडचा एक पाहुणा उठून उभाच राहिला. काय बोलली ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

कॉलेज वाशीमला केलं. कोरोनात कॉलेज बंद पडलं तेव्हा मोबाईलवर कुठलातरी फुकटचा स्पॅनिशचा वर्ग सापडला. बरोबरच्या पोरी आठवड्याभरात पांगल्या, ही चिकटून राहिली. एक परीक्षा झाली, दुसरी झाली. त्या जोरावर पुण्यात एका कंपनीत लागली. परदेशातली गिऱ्हाइकं स्पॅनिशमध्ये तक्रारी लिहायची, ही त्यांना स्पॅनिशमध्ये उत्तरं द्यायची. घरी बापाला सांगायची, "बाबा, इतक्या दूरच्या लोकायचे मिक्सर बिघडतात अन् भांडतात माह्याशी."

तक्रारी ऐकून ती कधी थकली नाही. तिला टोचलं ते दुसरंच. आमच्याकडे बाप येते अन् मायही येते. बैल चरते, गायही चरते. पुण्यात म्हणे बाप येतो अन् माय येते. हॉस्टेलवर फोन उचलला की ही विचारायची, "आवाज येते का?" अन् खोलीतल्या बाकीच्या पोरी एका सुरात म्हणायच्या, "येते, येते!" पुढे पुढे त्यांनी तिचं नावच "आवाज येते" ठेवलं. वाईट पोरी नव्हत्या, तिच्या आजारपणात त्यांनीच डबे आणून दिले, ते ती आवर्जून सांगते. पण तेव्हापासून मराठी बोलायचं म्हटलं की ही आधी तोंडातल्या तोंडात घोकून घ्यायची. स्पॅनिश मात्र धडाधड बोलायची, कारण तिथं चूक झाली तर ती स्पॅनिशची चूक असते, जऊळक्याची नसते.

मग लग्न झालं अन् केनवडला आली. नवरा राजू, गोजराचा एकुलता एक. बसस्टॉपजवळ त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी आणायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. बोलणं कमी, हात सारखे चालू. कंपनीनं वर्षाराणीला सांगितलं, रोज ऑफिसात यावं लागेल. केनवडहून पुण्याला रोज कोण जाईल? नोकरी सुटली. भाषा सुटली नाही, ती गोठ्यात येऊन बसली.

आता त्या खोलीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच झालं.

गोजराच्या घरात मोबाईलची रेंज एकाच जागी येते, रस्त्याकडच्या पत्र्याच्या खोलीत. स्वयंपाकघरात बोललं की आवाज तुटते, ओसरीत बसलं की चित्र थिजते. पण त्या खोलीचे मानकरी आधीच ठरलेले. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत तिथल्या कोनाड्यात भुलाबाई बसते, म्हणजे मातीची पार्वती, शेजारी तिचा शंकर, भुलोबा. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर फिरतात, गाणी म्हणतात, अन् शेवटी त्या घरचा खाऊ ओळखतात. घरधनीण झाकणाचा डबा वाजवते. पोरी विचारतात, गोड का तिखट, मऊ का कडक, वाटाण्याएवढं का लिंबाएवढं. ओळखला की मिळतो. नाही ओळखला तरी मिळतोच, पण मग घरधनिणीची मान वर्षभर ताठ राहते.

गोजराची मान लग्न होऊन आली तेव्हापासून ताठ आहे. एका वर्षी तिनं उकडलेले शिंगाडे ठेवले, एका वर्षी मिठातली बोरं, अन् एकदा तर डब्यात नुसता बर्फ. पोरी ओळखेपर्यंत त्याचं पाणी झालं होतं. ज्या पोरी हरल्या त्या सासरी गेल्या, आता त्यांच्या पोरी येऊन हरतात. म्हणून पोरी सगळी गल्ली फिरून गोजराचं घर शेवटी ठेवतात.

भुलाबाई उठली की त्या खोलीत सोयाबीनचे कट्टे, भरलेली पोती, येतात, पार पत्र्याला टेकेपर्यंत. बाजारात बरे दिवस आले की मगच हलतात.

वर्षाराणी त्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायला लागली तेव्हा गोजरानं चार दिवस पाहिलं, अन् पाचव्या दिवशी माझ्यादेखत सांगून टाकलं.

"हे पाय वर्षा. कोजागिरीलोक बस त्या खोलीत. तोवर काम लागलं तं खोली तुही. नाई लागलं तं सोयाबीनची. मंग तोंड पाडून बसू नको."

राजू म्हणाला, "माय, कट्टे ओसरीत ठेवू ना."

"ओसरीत उंदीर. तू तुह्यावाल्या तारा गुंडाळ."

सासरा शालिग्राम, आम्ही त्याला आबा म्हणतो, काहीच बोलला नाही. तो बोलत नाही म्हणून तर ते घर टिकलं आहे.

गोजरा दुष्ट नाही. मी तिची चुलतजाऊ, तिला नवरी होऊन आलेली पाहिलं. पण जे दिसत नाही ते काम, यावर तिचा विश्वास बसत नाही. सून भिंतीकडे पाहून बोलते अन् म्हणते नोकरी शोधून राह्यली, हे तिला पटायचं कसं?

भादवा संपता संपता एका ऑनलाईन शिकवणाऱ्या संस्थेचा निरोप आला. वर्षाराणीची सर्टिफिकेटं त्यांना पटली होती. आता एक तास शिकवून दाखवायचं होतं. विद्यार्थी आपलेच आणायचे, पण अगदी कोरे, स्पॅनिशचा गंध नसलेले. विषय त्यांनीच दिला, बाईला अन् माणसाला एकच राहणारे शब्द. यंदा जमलं नाही तर मग पुढच्या वर्षीच विचारा, असंही लिहिलं होतं.

"मोठ्या आई," वर्षाराणी म्हणाली, "माह्या गोठ्यातलाच विषय आला."

कोरे विद्यार्थी म्हणून माझी नात वैभवी अन् तिच्या वर्गातली तांड्यावरची रीता, या दोघी ठरल्या. डेमोआधी शब्द शिकवायचे नाहीत असा नियम होता. तो तिनं पाळला, अन् पोरींना गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. तयारी माझ्यावर केली. जाड पुठ्ठ्यावर चित्रं काढली. गाणारी बाई अन् गाणारा बुवा, दोघांच्या खाली "कान्तान्ते". पुढं बाईला "ला" लावायचं, बुवाला "एल", बाकी शब्द तोच. शिकणारा असो का शिकणारी, "एस्तुदियान्ते". गोड म्हणजे "दुल्से", तिखट म्हणजे "पिकान्ते", दुःखी म्हणजे "त्रिस्ते".

मी म्हटलं, "चवीले तं आपल्याकडेही बाई-माणूस नसते वं. गूळ गोड, साखर गोड. ठेचा तिखट, मिरची तिखट."

"हाये ना? तेच तं. मले हे शब्द पहिल्यांदा भेटले ना मोठ्या आई, तवा वाटलं, चला, अथी तरी कोणी हसणार नाई."

डेमो रविवारी दुपारी होता. रविवार यायच्या आधी गोजरानं तिला एक मान दिला. म्हणाली, "यंदा भुलाबाईचा खाऊ तू कर. मी डब्याले हातही लावत नाई." वर्षाराणीनं शनिवारी शंकरपाळे तळले. तुपाचा अन् साखरेचा वास पार बसस्टॉपपर्यंत गेला. मी तेव्हाच गोजराच्या कपाळाकडे पाहिलं होतं. आठ्या पडल्या होत्या. साऱ्या गल्लीला वास गेला म्हणजे खाऊ ओळखल्यातच जमा. पण शब्द दिला होता, गप्प बसली.

रविवारी दुपारी वैभवी अन् रीता वेण्या घालून, पावडर लावून खोलीत बसल्या. वर्षाराणीनं लॅपटॉप उघडला अन् तिचा चेहरा उतरला. डेमो पाहणाऱ्या संस्थेच्या पुण्याच्या मॅडमना दुपारी जमत नव्हतं. डेमो संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. उद्या त्या बाहेरगावी जाणार होत्या.

दिवेलागणीनंतर त्या खोलीत कोण येते, हे आता तुम्हालाही माहीत आहे.

"आत्याबाई," ती गोजराकडे आली, "आजच्या दिवस भुलाबाई थोडी उशिरा..."

"पोरी सारी गल्ली फिरून येतात. त्यायच्या माया दारात उभ्या राहतात. उशीर कसा करू?"

"मंग ओसरीत म्हणू द्या गाणी."

"अन् भुलाबाई? कोनाडा उचलून नेऊ का भितीतून?"

वैभवीला विचारलं तर तीही मान हलवायला लागली. "काकू, मी गाणे सोडून तुह्याकडे येणार नाई. पहिली टिपरी माही असते."

वर्षाराणी खोलीच्या उंबऱ्यावर बसली. एका हातात पुठ्ठे, दुसऱ्या हातात मोबाईल. रेंज त्याच खोलीत, भुलाबाई त्याच खोलीत, मुलीही तिथंच येणार. मला वाटलं आता रडते. पण तिनं आत पाहिलं. कोनाड्याखाली स्टूल होतं, त्यावर शंकरपाळ्याचा डबा. ती पाहतच राहिली.

"मोठ्या आई, पोरी खाऊ ओळखताना काय विचारतात?"

"गोड का, तिखट का..."

"झालं तं मंग." ती उठली अन् चित्रांचे पुठ्ठे तिथंच ठेवून गेली.

संध्याकाळी पोरींनी खोली भरून गेली. मी भिंतीला टेकून बसले, आबा दारात. राजूनं दुकानातला मोठा बल्ब आणून खुंटीला टांगला. गोजरा डब्याजवळ उभी होती अन् फार शांत होती. इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती. तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

लॅपटॉपवर मॅडम आल्या. चष्मा, मागं पुस्तकांचं कपाट. वर्षाराणीनं पदर नीट केला, अन् इतकं घोकून ठेवलेलं सगळं विसरून म्हणाली, "मॅडम, आवाज येते का?"

"येतो," मॅडम म्हणाल्या. "येतोय स्पष्ट."

वर्षाराणीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण थांबली नाही. शुद्ध भाषेत सांगितलं, आज आमच्याकडे भुलाबाई आहे, मुली आधी गाणं म्हणतील, मग त्यांनाच शिकवते, सगळ्या कोऱ्या आहेत. मॅडम म्हणाल्या, "चालेल, पण वेळ तेवढाच." टिपऱ्या वाजल्या. वैभवीनं पहिली टिपरी मारली अन् मॅडमकडे पाहून मारली, आगाऊ कुठली.

गाणं झालं तशी वर्षाराणीनं तिलाच धरलं. "वैभवी गाते. कान्तान्ते. अन् आपले हरिपाठवाले देवानंदकाका गातात. तेही कान्तान्ते." मग चेहरा हसरा करून "फेलीस", रडवा करून "त्रिस्ते". पोरी माकडासारखी तोंडं करायला लागल्या. मग तिनं डबा उचलला.

"आज खाऊ स्पॅनिशमध्ये ओळखायचा. गोड असलं तं दुल्से, तिखट असलं तं पिकान्ते, मोठं असलं तं ग्रान्दे. विचारा."

डबा वाजला. पोरी एकामागून एक ओरडल्या. "ग्रान्दे?" "नो." "पिकान्ते?" "नो." "दुल्से?" "सी! सी!" सी म्हणजे हो. वर्षाराणीचा चेहरा फुलला होता. मला वाटलं, जिंकली पोरगी.

मॅडमनी हात वर केला.

"वर्षाराणी, मजा येतेय. पण एक सांगू? शब्द तुम्ही देता, त्या परत करतात. पोपटासारखं. त्यांना स्वतःला काही म्हणायचंय, असं मला अजून दिसलं नाही. पाचच मिनिटं आहेत."

पोरींना बोललेलं सगळं कळलं नाही, पण सूर कळला. वर्षाराणीनं डबा पोरींसमोर धरला. म्हणाली, "बरं. आता ओळखा."

"शंकरपाळे!" साऱ्या एकदम. वास तर कालच आला होता.

तिनं झाकण काढलं. शंकरपाळेच होते. पोरींनी टाळ्या पिटल्या, गोजराचा डबा हरला म्हणून नाचल्या, अन् मुठी भरून तोंडात टाकल्या. दारातून आबानंही एक उचलला.

मग सगळ्यांचे जबडे थांबले.

वैभवीचे डोळे मोठे झाले. "दुल्से नाई!" ती किंचाळली. "काकू, पिकान्ते! नो दुल्से! पिकान्ते, पिकान्ते!"

"पिकान्ते!" दुसरी ओरडली. रीता जीभ बाहेर काढून गोल फिरायला लागली. शंकरपाळ्याच्या आकाराचे, शंकरपाळ्याच्या रंगाचे, पण लाल तिखट अन् ओवा घातलेले. कोणी घातला, ते विचारायची गरज नव्हती. कोपऱ्यात गोजरा पदर तोंडाला लावून खांदे हलवत होती.

वर्षाराणीचा हात लॅपटॉपच्या झाकणाकडे गेला. मी पाहिलं. बंद करून टाकलं असतं अन् रेंज गेली म्हटलं असतं तर कोणी खोटं ठरवलं नसतं. केनवडात रेंज कधीही जाते. हात तिथंच थांबला, मग मागं आला.

"मॅडम, मी चुकले," ती म्हणाली. "डबा माझा आहे, पण आतलं माझं नाही. सासूबाईंनी बदललं. त्यांचा खाऊ कोणाला ओळखता येत नाही, ते त्यांना मोडू द्यायचं नव्हतं." मग पोरींकडे वळली अन् आपल्या बोलीत विचारलं, "काय झालं, मले सांगा. कोण कसं हाये?"

आता पोरी कशाच्या थांबतात?

"रीता त्रिस्ते!" वैभवी म्हणाली. रीताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आबाही त्रिस्ते!" रीता नाक पुसत म्हणाली. आबा दारात खरंच नाक लाल करून उभा होता, एका हातानं तोंडाला वारा घालत.

अन् मग सगळ्यात लहान पोर, जिनं तोवर एक शब्द काढला नव्हता, तिनं गोजराकडे बोट केलं. "अन् ही आजी फेलीस!"

गोजराला फेलीस म्हणजे काय ते कळलं नाही. तिला वाटलं शिवी दिली. "काय म्हणाली वं मले?"

"खूश म्हणाली, आत्याबाई."

"खूश तं हावच मी. एकीले तरी ओळखता आला का?"

मॅडमनी चष्मा काढला होता. हसत होत्या का डोळे पुसत होत्या, लॅपटॉपवर नीट कळत नव्हतं. चष्मा लावून म्हणाल्या, "क्रियापद गाळलं त्यांनी, मधला शब्द. तो पुढं शिकवा. दोन दिवसांत कळवते." अन् चित्र विझलं.

वर्षाराणी सासूला काही बोलली नाही. पोरी गेल्यावर खाली सांडलेले शंकरपाळे वेचत बसली. ते न बोलणंच गोजराला टोचलं असेल. रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझ्याकडे आली अन् उगाच माझ्या ताटल्या मांडून द्यायला लागली.

"मले काय माहीत ते इतकं महत्त्वाचं होतं?"

"तिनं सांगतलं होतं ना तुले."

"सांगतलं होतं. पण डब्याची गोष्ट वेगळी. साऱ्या गल्लीले वास गेला होता, बाई. मी काय करू?" मग आणखी एक ताटली मांडून, "बाई, ते मॅडम रागावली असन का?"

दोन दिवस गेले, निरोप नाही. त्यातच कोजागिरी होऊन भुलाबाई उठली, अन् तिसऱ्या दिवशी वावरातून सोयाबीन आलं. ट्रॅक्टर दारात उभा राहिला. वर्षाराणीनं आपणहून लॅपटॉप उचलला, वायर गुंडाळली अन् खोलीबाहेर आली. ठरलं ते ठरलं.

राजू पहिला कट्टा पाठीवर घेऊन आत शिरला तशी गोजरा मागून ओरडली, "कुठी टाकून राह्यला? मधात नको. भितीच्या कडीनं लाव."

"सगळे मावणार नाईत, माय."

"उरलेले ओसरीत टाक."

"ओसरीत उंदीर..."

"मांजर आण मंग! पोरीले बसाले जागा ठेव म्हणलं ना."

वर्षाराणी वायर हातात घेऊन उभीच राहिली. गोजरानं तिच्याकडे पाहिलंच नाही, ट्रॅक्टरवाल्याशी भांडायला गेली. आमच्या गोजराची माफी अशीच असते, दुसऱ्यावर ओरडून मागते.

फोन त्या दिवशी संध्याकाळी आला. तिला कामावर घेतलं होतं, पण सगळं घर भरून आनंद व्हावा असं नव्हतं. दिवाळीपर्यंत रोज एकच वर्ग, लहान मुलांचा, मग पुढचं पाहू. मॅडमनी एवढंच म्हटलं, त्या शेवटच्या पाच मिनिटांसारखं शिकवा, बाकीचं आपोआप येईल. वर्षाराणीनं मला येऊन सांगितलं तेव्हा ती हसत होती अन् घाबरलेलीही होती. "मोठ्या आई, रोज पाच मिनिटं तसे कुठून आणू?"

"घरात गोजरा हाये ना," मी म्हटलं.

दिवाळी होऊन गेली. आता दोन वर्ग झाले आहेत. तीन बाजूंनी कट्टे, मधात सतरंजी, त्यावर वर्षाराणी. पूर्वी त्या पत्र्याच्या खोलीत आवाज घुमायचा, कट्टे लागल्यापासून घुमत नाही. राजू म्हणतो, पैसे देऊनही अशी खोली मिळाली नसती. तिकडे पुण्यामुंबईची लेकरं तिला विचारतात, टीचर, तुमच्या मागं काय आहे? ती त्यांना सोयाबीन दाखवते. त्यातला एक पुण्याचा पोरगा परवा वर्ग सुरू होताच म्हणाला, "टीचर, आवाज येते का?" तिनं सुधारलं नाही. म्हणाली, येते, येते.

सोयाबीनला बरे दिवस आले आहेत, असं राजू चार दिवसांपासून म्हणून राहिला आहे. कट्टे काढावे का? गोजरा म्हणते, थांब, अजून थोडं चढू दे. कट्टे निघाले तर आवाज पुन्हा घुमेल, हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही सांगितलं.

वर्ग चालू असला की ती दारात खाट टाकून बसते अन् कोंबड्या हाकलते. वैभवी शाळेतून येताना तिला मुद्दाम छेडते.

"गोजराआजी, यंदा तुहा खाऊ ओळखला बरं का आमी."

"काय ओळखला?"

"शंकरपाळे म्हणलं होतं आमी. शंकरपाळेच निघाले."

"अन् गोड म्हणल्या होत्या का तिखट?"

"गोड तं काकूनं सांगतलं!"

"मंग काकूलेही ओळखता आला नाई," गोजरा म्हणते, अन् कोंबडीला चप्पल फेकते. "घरातलीले ओळखता आला नाई, तुमाले काय ओळखता येते?"

आतून वर्षाराणीचा आवाज येते. ती लेकरांना डबा वाजवून दाखवत असते.